नाल्यावरची तार

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी कुवेतला निघालो, तेव्हा माय आणि धाकटा भाऊ दिनकर कामरगावच्या स्टँडवर आले होते. एसटी सुरू झाली तशी माय खिडकीशी आली. "आपल्या वस्तीत लाइन कवा येईन रे बापा? धुरानं डोये गेले माये."

"नकाशात आली ना माय. आली म्हणूनच समज."

दिनकर हसला. "मंग बल्ब आनून ठेवतो भाऊ. लाइन आली अन् आमीच अंधारात, असं नोको."

विजेचे खांब गावाच्या कडेला संपले होते. आमची बौद्ध वस्ती नाल्यापलीकडे. निघण्याआधी मी वीज खात्याच्या सर्व्हेवर होतो. साहेब म्हणाले, "काम पूर्ण दाखव." मी लाल पेन्सिलीनं नाल्यावरून रेघ ओढली, खाली सही केली. कुवेतसाठी मला त्यांचा अनुभवाचा दाखला हवा होता.

तिकडे पॉवर स्टेशनात ड्यूटी. रस्त्यावरचे दिवे भर दुपारीही जळत, बंद करायला कोणाला सवड नसे. वाळवंटात तेलविहिरींवर गॅस नुसता पेटत राही, आभाळ काळं होई. मेसमध्ये देशादेशांची तुलना चाले, कोणाकडे किती वीज. मीही छाती काढून सांगायचो, "आमच्या गावात लाइन आहे."

मग दिनकरचं पत्र आलं. "भाऊ, पंचायतीत नकाशा पाह्यला. आपल्या वस्तीले तुयी लाल रेघ हाये. मंग लाइन आपल्याच हक्काची. खात्याचे लोक येत नाहीत, तं पाऊस लागला की मीच आकडा टाकून घेतो. माय लय खुश हाये."

ओल्या नाल्यावरून आकडा टाकणं म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक होतं. "थांब, रेघ खोटी आहे," एवढी एक तार करायची होती. पण मग माझी सही उघडी पडली असती. पत्र मी उशीखाली ठेवलं आणि ड्यूटीवर गेलो.

पंधरा दिवसांनी घरून तार आली.

पोलिसांच्या कागदात लिहिलं आहे, वीज चोरताना मृत्यू. माय मरेपर्यंत 'चोर' हा शब्द ऐकत राहिली. वस्तीतल्या माणसांनो, दिनकर चोर नव्हता. तो माझ्या सहीवर विश्वास ठेवून गेला.

आता टीव्हीवर सांगतात, स्वच्छ विजेत कोणता देश पुढे, कोणता मागे. उजळलेल्या गावांचा आकडा दाखवतात. त्यात आपलं गाव माझ्या रेघेनं केव्हाच जमा झालंय. वस्तीच्या छपरांवर सोलरच्या पाट्या चमकतात. मी दरवर्षी येतो, पण त्या शेवटच्या खांबापर्यंतच. खांब गुणगुणत असतो. घर समोर दिसतं, आणि मधे नाला असतो.