घरच्याची दिष्ट

मांद्र्यात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या माझ्या सहा खोल्या आहेत. सगळ्या मी स्वतःच्या हिंमतीवर उभ्या केल्या. मी फटकळ आहे, असं गिऱ्हाईकच काय, दारावरची मासळीवालीही सांगेल. घासाघिशीत कुठे गप्प बसायचं तेवढं मला कळतं. सातव्या वर्षी कळत नव्हतं.

आई गेल्यावर आत्याने मला सर्वणला आणलं. शाळेतून आले की फाटकाला कडी. शेजारच्या मुली नकोत, कुणाच्या घरचं पाणी नको. "तू माझी," एवढंच कारण. बोलायला एकच माणूस होतं, दोडामार्गाकडून कामाला आलेली मावशी. ती माझे केस विंचरायची, चहात पोय, तो कोंड्याचा पाव, बुडवून भरवायची आणि आत्या न्हाणीत गेली की मला मांडीवर घ्यायची. न्हाणीची कडी वाजली की मी आपणहून उतरायचे.

एकदा मला तीन दिवस ताप होता. मावशीने मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. "आल्यागेल्याची, दारच्याची, घरच्याची दिष्ट जळान जांव दी," असं पुटपुटत तिने मिरच्या चुलीत टाकल्या. आत्या दारात उभी होती.

"घरच्याची म्हणजे कोणाची गो? घरात मीच एकटी आसंय."

"तसा बोलूची रीत, वयनी. तुमका नाय म्हटलंय."

तिथेच मिटलं असतं. पण मिरच्यांचा ठसका कुणालाच आला नव्हता. ठसका आला नाही तर दृष्ट खरीच लागलेली असते, हे मावशीनेच मला शिकवलेलं. शिकलेलं दाखवायची मला हौस.

"ठसको नाय इलो, आते," मी म्हणाले. "म्हणजे घरचीच लागली."

मावशीने डोळे मिटले. दुपारच्या बसने तिला पाठवलं तेव्हा मी खोलीत होते, बाहेरून कडी. दुसऱ्या दिवशी आत्याने माझे केस कानापर्यंत कापले. विंचरायला वेळ कुणाला आहे, म्हणाली.

आता ती माझ्याकडे अंथरुणाला खिळली आहे. मावशीचं नाव तिने कधी काढलं नाही, मीही विसरले नाही. परवा म्हणाली, "माझी दिष्ट काढ गो."

मी मिरच्या घेतल्या. आल्यागेल्याची म्हटलं, दारच्याची म्हटलं आणि थांबले. घरात आम्ही दोघीच.

"म्हण," ती म्हणाली.

म्हटलं. मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. धूर झाला. दोघींपैकी कुणीच खोकलं नाही.