कचऱ्यात टाकलेली फ्लॉपी
परवा टेबलाचा खण आवरताना एक काळी फ्लॉपी हाताला लागली आणि नव्वदच्या दशकातला बारामतीचा तो छापखाना आठवला. शाईच्या आणि रॉकेलच्या वासानं भरलेल्या खोलीत मी मॅकवर अक्षरजुळणी करायचे. एकदा सणसरचे निवृत्त गुरुजी पुस्तक छापायला आले. गावातलं बुद्धविहार लोकांनी कसं उभं केलं, ते त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या लेकीनं इंदापूरला ऑफिसातल्या विंडोजवर टाइप करून या फ्लॉपीत दिलेलं, म्हणून आम्हाला मॅकच्या पोटात विंडोज चालवूनच ते उघडावं लागणार होतं. ते इतकं सावकाश सुरू व्हायचं, की चहा सांगून, पिऊन, कप परत गेले तरी पडद्यावरचं वाळूचं घड्याळ हलत नसे. शेवटी पानं दिसली आणि गुरुजी खुलले. मी मजकूर उतरवून घेतला आणि मॅकच्या रीतीप्रमाणे फ्लॉपीचं चित्र ओढून पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. गुरुजींनी माझा हातच धरला. "पोरी, लेकीनं म्हैनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून केलंय ते. दुसरी कापी न्हाय माझ्याकडं." तेवढ्यात खर्रकन आवाज करत फ्लॉपी बाहेर आली. मॅकमधून फ्लॉपी अशीच काढतात, हे सांगितल्यावर ते डोळे पुसेपर्यंत हसले. छापलेली पुस्तकं न्यायला आले, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीसाठी म्हणून फ्लॉपी माझ्याकडेच ठेवून गेले. ती आवृत्ती अजून निघायचीय. परवा चष्मा लावून मी फ्लॉपीवरची चिठ्ठी वाचली. गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "कचऱ्यात टाकल्यास घाबरू नये. परत येते."