जिन्यावरचा माणूस

मालक तांब्याच्या पत्र्यावर तुरुंग कोरायचे. असला तुरुंग रोममध्ये काय, जगात कुठेच नव्हता: आभाळाएवढ्या कमानी, कुठेच न पोचणारे जिने, त्यांवर नखाएवढी माणसं. पत्र्याला शाई लावून ती तळव्याने पुसायचं काम नाझारेनोचं. तीस वर्षांत त्याचे तळवे काळे ते काळेच राहिले. मी छापायचे कागद भिजवायचो.

नाझारेनोचा एकुलता एक मुलगा फुल्व्हियो चाकूबाजीत सापडला आणि शिक्षा म्हणून पोपच्या गलबतांवर वल्ही मारायला चिविताव्हेक्किया बंदरात गेला. त्याची आई डोमितिल्ला दुपारी नवऱ्यासाठी घेवड्याची भाजी घेऊन यायची. एकदा तिने ओला छाप पाहिला.

"तुरुंग असाच असतो?"

"असाच," नाझारेनो म्हणाला. "हा उजवीकडे खाली, जिन्याच्या टोकाला दिसतो ना, तो आपला फुल्व्हियो. निघालाय बाहेर."

थापाड्या मेला! पण त्या दिवसापासून बाई आली की आधी जिना बघायची, मग नवऱ्याचं तोंड.

चार वर्षांनी मालकांना जुनं चित्र फिकं वाटू लागलं. ते नाझारेनोला म्हणाले, "जास्त काळोख हवा. छापात डावीकडे खाली साखळदंडातला माणूस आहे, तो खरवडून काढ. तिथे छळाचं चाक कोरतो."

त्याच सकाळी एक पाद्री निरोप देऊन गेला होता. फुल्व्हियो तापाने गेला, पुरलासुद्धा. नाझारेनोने ते बायकोला कळवलं नाही, खरवडणी घेऊन बसला.

पत्र्यावर सगळं उलटं असतं. छापातलं डावं तिथे उजवीकडे. ही चूक नवशिका पहिल्या आठवड्यात करतो. नाझारेनोने ती त्या दिवशी केली. छाप निघाला तर साखळदंडवाला जागच्या जागी, जिना रिकामा.

मालक ओरडत असतानाच डोमितिल्ला आत आली. तिने कागद पाहिला आणि टोपली खाली ठेवून रडायलाच लागली.

"सुटला! अरे, सुटला माझा पोरगा!"

नाझारेनोने माझ्याकडे पाहिलं. मी कागद भिजवायला वळलो. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने तीन वाडगे आणले.

"आधी इथेच येईल तो. भुकेला असेल."

तिसरा वाडगा तिने दाराजवळ ठेवला. नाझारेनोने आपले काळे हात तिच्यापुढे धरले.

"डोमितिल्ला, तो सुटला नाही गं, गेला. जिन्यावरून मी खरवडला त्याला."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने जाऊन दाराजवळचा वाडगा उचलला.