अर्ध्या पुस्तकाचा महिना

पान उलटलं आणि पपईच्या चिकाचा वास आला. कडवट, कोवळा, किंचित दुधाळ. पुस्तकांना जुन्या कागदाचा वास येतो असं जे सांगतात, त्यांनी आमच्या भागातली पुस्तकं कधी हुंगलेली नसावीत. आमच्या पुस्तकांना पपईचा चीक लागतो, केळीच्या खोडाचं काळं पाणी लागतं, मोटारीचं ग्रीस लागतं. उसाचा हंगाम चालू असला तर कारखान्याच्या मळीचा वास पानापानांत असा मुरतो की गोष्टीतली माणसं चांदण्यात बसून गुजगोष्टी करत असली तरी वाचणाऱ्याला नाक धरावं लागतं. आज महिना सुरू झाला. या महिन्यात काय वाचायचं ते ठरवायला मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत येऊन बसलो आहे. दारातून लांबवर सातपुडा दिसतो आहे, कुणी घाईघाईत पुसून टाकल्यासारखा. मांडीवर पुस्तकाचा पुढचा अर्धा भाग आहे. मागचा अर्धा नाही. फाटलं असेल असं समजू नका. चांगलं विळ्यानं, नेम धरून कापलेलं आहे.

वाचायच्या पुस्तकांची यादी करणं हा माझा फार जुना उद्योग. तुम्हीही वाचणारे आहात, तेव्हा तुम्हाला हा रोग माहीत असेलच. तरुणपणी मी महिन्याला वीस पुस्तकांची यादी करायचो. त्यातलं पहिलं पुस्तक उसाच्या लागणीला उघडलं की तोडणीला मिटायचं, आणि उरलेली एकोणीस मुकाट्यानं माझ्या पुढच्या जन्माच्या यादीत जाऊन बसायची. त्या हिशेबानं आज माझे पुढचे सात जन्म वाचनात पक्के झाले आहेत. आठव्यात थोडी जागा आहे. मजूर येतात, मजूर येत नाहीत, स्टार्टर जळतो, पपईवर रोग पडतो, केळीचा व्यापारी सकाळी येतो म्हणून संध्याकाळी येतो. या सगळ्यातून पुस्तकाला वेळ काढणं म्हणजे एस. टी.च्या गच्च भरलेल्या गाडीत चारपाई टाकून झोपायला जागा मागणं.

मला या रोगावर औषध दिलं ते बांधापलीकडच्या माणसानं. त्याचे कुणी पूर्वज गुजरातेतून तापीकाठी आले आणि इथलेच होऊन गेले. घरात तो त्यांची बोली बोलायचा, बांधावर माझ्याशी अहिराणी. पुस्तक उघडलं की मात्र आम्ही दोघेही शाळेतल्या मराठीत शिरायचो, इस्त्रीचे कपडे घालून लग्नाला जावं तसे, जरा अवघडून. माझी वीस पुस्तकांची यादी त्यानं पाहिली आणि तो इतका हसला की विहिरीवरची कबुतरं उडाली ती थेट म्हसावदला जाऊन बसली. म्हणाला, "भो, पुस्तक काय कापूस शे का, गाडी भरीसन घर लयी जावाले? जितली लाईट तितलंच वाचानं."

जितकी लाईट तितकं वाचन. आमच्याकडे मोटारीला वीज एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. दिवसाच्या आठवड्यात सरीत पाणी सोडलं की ते टोकाला पोचेपर्यंत माणसाला काही काम नाही. पाणी चालत असतं आणि माणूस बसलेला असतो. ते चालणारं पाणी म्हणजे आमचं वाचनाचं घड्याळ. कोरड्या जमिनीत पाणी सावकाश जातं, तेव्हा मोठं प्रकरण घ्यायचं. जमीन ओलसर असली की छोटं. कापूस वेचणीच्या महिन्यात पातळ पुस्तक, उन्हाळ्यात जाड. महिन्याला एकच पुस्तक, त्याच्यावर एक पानही नाही. यादी खोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहायची, खताच्या तारखांशेजारी. अशी साधी व्यवस्था, आणि खोटं सांगत नाही, तिच्या जोरावर आम्ही दोघांनी तालुक्याच्या वाचनालयातली कपाटं अशी रिकामी केली की वाळवीवर उपासमारीची पाळी आली.

अडचण एकच. पुस्तक एक आणि दिवसाची लाईट दोघांना एकाच आठवड्यात. वाचनालयाच्या पुस्तकांना विळा लावायची हिंमत नव्हती, पण शहाद्याच्या बाजारात आम्ही स्वतः घेतलेली एक जाडजूड कादंबरी होती. ती त्यानं बांधावर ठेवली, केळीचा घड उतरवायचा विळा घेतला, आणि भाऊ-भाऊ शेताचे हिस्से करतात तसे तिचे दोन हिस्से केले. "मांगला भाग माले," तो म्हणाला. "शेवट समजना म्हंजे माले झोप लागस." पंधरा दिवस मी पुढचा अर्धा वाचायचा, त्यानं मागचा, मग बांधावर अदलाबदल. तेव्हापासून आमचं प्रत्येक विकतचं पुस्तक या विळ्याखालून गेलं. जगात इतर कुठे कादंबऱ्या अशा वाचत असतील असं मला वाटत नाही.

मागच्या भागापासून सुरू करणाऱ्याला गोष्टीतली माणसं कोण कुणाची ते कळायचं नाही. म्हणून त्याला मला विचारायची मुभा होती, आणि मला खोटं सांगायची. एकदा त्यानं विचारलं, "भो, हाई बाई कोन शे, सारखी रडी ऱ्हायनी ती?" नायकाची बायको होती ती. मी म्हणालो, "सख्खी बहीण." पंधरा दिवस तो शेजारच्या शेतातून हळहळत होता, "बहीनवर इतली माया! असा भाऊ मी देखा नही." पुढचा भाग हातात पडल्यावर मात्र तो फावडं घेऊन माझ्यामागे धावला. "बायको व्हती ना रे ती! पंधरा दिन मी तिन्हा हातमा राखी दिधी!" त्या गडबडीत दोघांचंही पाण्याकडे लक्ष राहिलं नाही. बांध फुटला. माझी केळी ओलांडून, त्याचा ऊस ओलांडून पाणी असं सुटलं की संध्याकाळी खाली गुजरातेत धरणाचे दरवाजे उघडावे लागले, अशी आमच्याकडे वदंता आहे. ती मीच पसरवली, पण आहे.

मग ठिबक आलं. पाणी नळ्यांमधून झाडाच्या बुडाशी थेंबथेंब पडायला लागलं. कॉक फिरवला की काम संपलं. शेतातली ती बसून राहायची वेळ गेली. वाटायचं, काम वाचलं म्हणजे वाचायला वेळ मिळेल. झालं उलटंच; सुटलेल्या वेळात दुसरी कामं येऊन बसली. तरी आम्ही नेटानं भिंतीवर महिना लिहीत राहिलो, जेवणाच्या सुट्टीत, सावलीत, दोन घासांच्या मध्ये वाचत राहिलो.

आणि एका वर्षी त्याच्या मुलानं त्याला सुरतेला नेलं. शेत वाट्यानं दिलं. जाताना तो बांधावर येऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच मला एकही थाप सुचली नाही. त्यानंतर बांधापलीकडे जो माणूस आला तो भला आहे, कष्टाळू आहे, पण त्याच्या कानात दिवसभर मोबाइलची गाणी असतात. मी इकडून काही म्हटलं तर तो हसून हात हलवतो. शेत तेवढंच आहे. त्यातलं बोलणं गेलं की ते केवढं लांबरुंद होतं, हे मला तेव्हा कळलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना मध्ये एखादा मुक्काम करावा असं वाटायचं.

पण यादी थांबली नाही. सुरतेला पपईचे ट्रक जातात, नवापूरवरून. ट्रकवाल्याच्या हाती मी पुस्तकाचा मागचा भाग धाडायचो, पंधरवड्यानं तो परत यायचा. फोनवर विचारायचो, "वाचं का?" तो म्हणायचा, "वाचं ना भो. झ्याक शे." मी सवयीनं थापा मारायचो. गोष्टीतला मास्तर मुळात दरोडेखोर होता म्हणायचो, म्हातारी खरं तर मेलेलीच आहे म्हणायचो. तो म्हणायचा, "हां भो, बरोबर." मला बरं वाटायचं आणि कुठेतरी खुपायचंही. पूर्वी असल्या थापेला त्यानं मला विहिरीत ढकललं असतं.

गेल्या पावसाळ्यानंतर एक भाग परत आला. धाडताना माझ्या हाताला चीक होता, काही पानं एकमेकांना चिकटली होती. परत आलेल्या भागातली ती पानं तशीच चिकटलेली होती. कुणी ती सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता. मग त्याच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"काका, पप्पांनी तुम्हाला सांगितलं नाय?" ती म्हणाली. "डोळ्यांत मधोमध काळं आलंय. दवाखाना चालू आहे, पण अक्षर आता दिसणार नाय म्हणतात. तुमचं पुस्तक आलं की हातात घेऊन गॅलरीत बसतात फक्त."

फोन त्याच्याकडे गेला. मी चिडलो होतो, की घाबरलो होतो, सांगता येत नाही. आमच्यात एवढंच तर उरलं होतं: एका महिन्यात एक पुस्तक, दोन ठिकाणी. तेही गेलं तर मी या खोलीत नुसता मोटार चालू करायला येणार होतो. मी म्हणालो, "का रे, खोटं काबर बोलना?"

"मधलं दिखत नही भो, कडनंच दिखस," तो म्हणाला. "तू सामने उना तं तुन्हं तोंड दिखाव नही, नुसता कान दिखतीन. ते बरंच शे." मग जरा थांबून, "तुले सांगतू, तं तू धाडताच नही. पानेसले पपईना वास येस. मी तेच वाची ऱ्हायनू."

त्या महिन्याची यादी मी भिंतीवरून पुसली. दुसरी लिहायला बसलो तेव्हा कळलं की आता मोजमाप सगळं नव्यानं करायचं आहे. पाणी किती वेळात टोकाला जातं, हा प्रश्न राहिला नव्हता. त्याच्या सुनेचं जेवणानंतरचं काम किती वेळात आटपतं, फोन त्याच्या हातात कधी येतो, माझे मजूर भाकरीला कधी बसतात, माझा घसा किती टिकतो, त्याचं लक्ष किती टिकतं, हे सगळं जुळवून पाहिलं. महिन्यात अर्धं पुस्तक बसतं. पातळ पुस्तकाचं अर्धं. माझ्या तरुणपणीच्या यादीनं हे ऐकलं असतं तर लाजेनं स्वतःलाच फाडून घेतलं असतं.

आता दुपारी मी त्याला फोन लावतो आणि पपईच्या सावलीत उभा राहून मोठ्यानं वाचतो. बायको भाकरी घेऊन आली की कमरेवर हात ठेवून म्हणते, "तुम्ही झाडेसले पोथी सांगी ऱ्हायनात का? पपया पिकतीन का त्यानी?" पलीकडचा गाणीवाला पोरगा आता कानातलं काढून बघतो आणि पुन्हा घालतो. सुरतेकडून रिक्षांचे भोंगे येतात, कुकरची शिट्टी येते, त्याचा श्वास येतो. तो मध्ये बोलत नाही. ऐकतो आहे की झोपला, कळत नाही. मी थापाही मारत नाही. अक्षर न दिसणाऱ्या माणसाला पुस्तकाबद्दल काय सांगायचं आणि काय नाही, याची मला धास्ती वाटते.

परवा असाच वाचत होतो. उन्हं पपईच्या पानांतून खाली येत होती, वारा पडलेला होता. प्रकरण चांगलं रंगलं होतं, आवाजही लागला होता. पान संपलं, दुसरं संपलं, तिसऱ्यावर आलो आणि फोनकडे पाहिलं तर तो केव्हाच कट झालेला. रेंज गेली होती. किती वेळ मी एकटाच बोलत होतो, देवाला ठाऊक. भोवती पपया लोंबत होत्या, हिरव्या, जड, गप्प. मी हातातलं पुस्तक मिटलं. आता तो जेवून आडवा झाला असेल, उद्या बघू, असं मनाशी म्हणत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"कथा गयथा रे?" मी कुठे गेलो होतो म्हणून तो खेकसला. "तिनी दार लोटं, आठलोंग ऐकू उनं. तठून वाच."

मी पानं मागे उलटली, गोष्टीतल्या बाईनं दार लोटलं तिथपर्यंत. आणि वाचायला लागलो. नुकतीच मी ती पानं खणखणीत आवाजात वाचली होती. पण एकेक ओळ पुढे येत गेली तसं लक्षात आलं, त्यातलं एकही वाक्य माझ्या ओळखीचं नव्हतं; तो ऐकत नव्हता तेव्हा मीही नुसता आवाज काढत होतो.