गौराचं उद्यापन

एकादशीची दुपार आहे. जपमाळ बोटांत तशीच आहे, ओठही हलताहेत, पण नाम कुठे संपतं आणि श्वास कुठे सुरू होतो ते आता नीट कळत नाही. मथुराबाई तारी पडवीतल्या चटईवर कुशीला वळतात. खाडीवरून आलेला वारा त्यांचा पदर हळूच ओढतो. कुणी उठवतंय की काय, असं त्यांना वाटतं.

उठायचं तर आहेच. संध्याकाळी महेंद्रला, मुलाला, उत्तर द्यायचं आहे. गौरा ही त्यांच्या सासऱ्यांची शर्यतीची शिडाची होडी. महेंद्र रजा काढून काढून खाडीकाठच्या शेडमध्ये तिला नव्यानं उभी करतो आहे. फळ्या बसल्या, डोलकाठी आली, शीड शिवून झालं, आणि मग तळाचा कणाच कुजलेला निघाला. तो बदलला तर गौरा पाण्यात जाईल. नाही बदलला तर शहरातलं संग्रहालय तिला नेईल आणि दिव्यांखाली उभी करून ठेवील, कायमची कोरडी. पण मामंजींनी जाताना आपल्या मुलाच्या, म्हणजे मथुराबाईंच्या यजमानांच्या, हातावर तुळशीपत्र ठेवून वचन घेतलं होतं, गौराचा कणा कधी बदलायचा नाही. पुढे यजमानही गेले. जाताना ते वचन बायकोच्या ओंजळीत ठेवून गेले. आणि मथुराबाईंनी धरलेलं काही आजवर सुटलेलं नाही.

पडवीच्या पायरीला पाणी लागलं आहे.

चटई ओली नाही, पण हलते आहे. स्वयंपाकघरातून डोलकाठी वर गेली आहे, कौलांतून थेट आभाळात, आणि मथुराबाईंना त्याचं नवल वाटत नाही. चुलीवर पाणी उडायला नको, एवढंच मनात येतं. सुकाणूपाशी मामंजी बसले आहेत, पाठमोरे. पाठीवरून त्या त्यांना लगेच ओळखतात, कारण पाठच जास्त पाहिलेली. त्या घरात सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. मामंजींना काही सांगायचं असलं की ते भिंतीला सांगत, मांजराला सांगत, नाहीतर अंगणात ओढून ठेवलेल्या गौराला. मथुराबाई दाराआडून त्याच वाटेनं उत्तर पाठवत.

आताही तसंच चालतं.

"गौरा, विचार गो तिला, जेवली काय?"

"गौरा, मामंजींना सांग, आज एकादशी."

"हिचं रोज काहीतरी असतंच. तुलाही उपास घडवलेले दिसतात. अंगाला तेलाचं बोट लागलेलं नाही तुझ्या."

मथुराबाई पदराआड हसतात. टोमणा खरा आहे. लाकडाला चोळायचं माशाचं तेल त्यांनी यजमानांच्या माघारी व्रतांपायी घरात येऊच दिलं नाही.

देवघर मागे पडतं आणि खाडीचं तोंड येतं. मागे पांढरी शिडं आहेत, गोऱ्यांच्या होड्यांची, हंसांसारखी. मामंजी गौराला तिचीच गोष्ट सांगू लागतात, म्हणजे सुनेला. गोऱ्यांशी लागलेल्या त्या शर्यतीत बाकीचे सगळे खडकाला वळसा घालून गेले. त्यांनी मात्र भरतीच्या भरवशावर गौराला खडकावरून काढलं. तळ घासला. कणा असा कण्हला की होडीतल्या सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. पण तुटला नाही. शर्यत जिंकली ती तर जिंकलीच, माणसं घरी आली ती त्या लाकडावर.

वचन का घेतलं, ते मथुराबाईंना आज कळतं.

"गौरा," त्या अगदी हळू म्हणतात, "मामंजींना सांग, तो कणा आता संपला. वचन पाळलं तर तू पुन्हा पाण्यात जायची नाहीस. आणि त्यांना हेही सांग, की मी जन्मभर व्रतं केली. कुठलंही व्रत उद्यापन केल्याशिवाय पुरं होत नाही. नुसतं धरून ठेवलं तर ते अर्धवटच राहतं."

वारा पडतो. शीड सैल होऊन त्यांच्या खांद्यावर टेकतं, धुतलेल्या लुगड्यासारखं. मग मामंजी वळतात. चेहरा वाटला होता त्याहून साधा आहे, थोडासा महेंद्रसारखा.

"सूनबाई," ते सरळ त्यांच्याकडे बघून म्हणतात, "उद्यापनाला काय काय लागतं?"

खाली मान घालून मथुराबाई सांगतात, की जुन्याला नमस्कार करायचा, आणि त्यातलं थोडंसं नव्यात घालायचं, म्हणजे पुण्य तुटत नाही.

"मग धरा."

खाडी नाही आता. अंगण आहे, गौरा कलती ठेवली आहे आणि दोन मुठींची लांब करवत तिच्या कण्यावर टेकली आहे. एक मूठ मामंजींच्या हातात, दुसरी मथुराबाईंच्या. ते ओढतात, त्या सोडतात. त्या ओढतात, ते सोडतात. भुसा पडत राहतो, मऊ आणि तपकिरी. जपासारखीच लय लागते. कोण ओढतंय तेही कळेनासं होतं.

"आई, उठतेस ना? संग्रहालयाच्या माणसाचा फोन येऊन गेला."

महेंद्र दारात उभा आहे. मथुराबाई डोळे उघडतात. ऊन उतरलं आहे. उठताना हात टेकतात तर तळहाताला काहीतरी टोचतं. त्या मूठ उघडून बघतात. कातडीत लाकडाचं एक कुसळ रुतलं आहे, काळपट, राळेच्या वासाचं.

महेंद्र वाकून बघतो. हे तर गौराच्या कण्याचं लाकूड, तो म्हणतो, तू शेडकडे कधी गेली होतीस? आणि सुई आणायला वळतो.

"राहू दे," मथुराबाई म्हणतात. "आधी सुताराला निरोप धाड. आणि नव्या कण्यात जुन्याचा एक तुकडा बसवायला सांग."