भोंग्यानंतरचा थांबा

रविवारची दुपार. जेवण अंगावर आलंय, वीज गेल्यामुळे पंखा बंद आहे, आणि पलंगावर आडवी झालेली मृण्मयी केंजळे झोपेच्या काठाशी एकाच वाक्यापाशी अडकली आहे : ‘हा थांबा कमी करू नये.’

वाक्य हळबे सरांचं. धरणाचे दरवाजे उघडणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि त्यात जागोजागी, पुढे तो हाताळणाऱ्या माणसांसाठी, टिपा लिहून ठेवल्या. यंत्र त्या टिपा वाचत नाही. गेल्या दिवाळीत सर गेले आणि प्रोग्रॅम मृण्मयीकडे आला. धरणाच्या कार्यालयाला त्याची माहितीपुस्तिका हवी होती, म्हणून तिने कोडमधल्या टिपा आपोआप वेचून त्यांची नीट पानं लावणारं साधन चालवलं. पुस्तिका छान झाली. फक्त एका जागी ती मुकी राहिली. भोंगा वाजल्यावर दरवाजा उचलण्याआधी प्रोग्रॅम बराच वेळ नुसता थांबतो, तिथे ते एवढंसं वाक्य उमटलं. कारण नाहीच. कार्यालयातले साहेब म्हणाले, कारण दाखवता येत नसेल तर थांबा निम्मा करा, पाणी उगाच उशिरा सुटतं. उद्या तिला उत्तर द्यायचंय.

डोळे मिटतात. प्रिंटरची घरघर ऐकू येते.

प्रिंटरपाशी हळबे सर उभे आहेत, बिनबाह्यांचा स्वेटर घालून, आणि बाहेर पडणारं एकेक गरम पान वाचताहेत. ते आता नाहीत हे तिला ठाऊक आहे. तरी त्यात वावगं काही वाटत नाही. पानं त्यांना कशी वाटली, एवढंच तिला जाणून घ्यायचंय. सर खूश दिसतात. आपण तुकड्यातुकड्यांनी लिहीत गेलो, ते असं सलग वाचता येईल हे ध्यानातच आलं नव्हतं, म्हणतात.

ती ते पान पुढे करते. “सर, इथे कारण का नाही लिहिलंत?”

सर चष्मा कपाळावर सरकवतात आणि पान डोळ्यांजवळ धरतात.

“मला वाटलं, मी आहेच की. कोणी विचारलं तर सांगेन.”

“मी विचारतेय.”

“मग चल.”

ती त्यांच्यामागून कॉरिडॉरमध्ये येते. पायाखाली फरशीऐवजी गोटे लागतात, ओले, शेवाळलेले. दोन्हीकडे नदीचं पात्र पसरलंय, वर मात्र ऑफिसच्याच ट्यूबलाइट. खडकांवर धुणी आपटल्याचा आवाज घुमतोय. इथे दरवाज्याखाली धुणं चालतं हे तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं. नकाशात तर नुसती निळी रेघ आहे. इथून वर जायला वाट कुठली, असं ती विचारणार, तोच भोंगा वाजतो.

बाया भराभर पिळे गोळा करून काठाकडे निघतात. एक म्हातारी मागे राहते. तिचा एक गुडघा वाकतच नाही. चार पावलं टाकते, टेकते, पुन्हा उठते.

“ह्या शेवंतामावशी,” सर हलकेच सांगतात. “पहिल्यांदा भोंगा वाजवून पाहिला, तेव्हा मी ह्यांच्या मागून घड्याळ धरून चाललो. हात दिला नाही. हात दिला असता तर आकडा खोटा आला असता. काठावर पोचायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढाच हा थांबा.”

मृण्मयीला एकदम सगळं उलगडतं, आणि लगेच दुसरा प्रश्न सुचतो. “आणि आज?”

“आज मोजायचं नाहीये.”

ती पुढे होते. म्हातारी ओल्या धुण्याचं गाठोडं तिच्या डाव्या खांद्यावर ठेवते. गाठोडं चांगलंच जड आहे. दोघी चढू लागतात. मागून पाण्याची घरघर वाढत येते. सर कुठवर आलेत हे बघायला मृण्मयी वळते, पण तिला फक्त त्यांचा आवाज येतो :

“नाव लिही त्यांचं. नुसता आकडा कोणीही बदलतो.”

पंखा फिरू लागलाय, वीज आलीय. मृण्मयी उठून बसते, लॅपटॉप ओढते आणि त्या वाक्याखाली शेवंतामावशींचं नाव लिहू लागते. हात मध्येच थांबतो. काहीतरी गार लागतंय. ती मान वळवून बघते. कुडत्याचा डावा खांदा भिजून अंगाला चिकटलाय, आणि त्याला धुण्याच्या साबणाचा वास येतोय.