बारा बाल्कन्या, बारा तुळशी

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर माझं डोकं फुटेल! हॉटेलच्या मागच्या जिन्यावर बसून फोनवर टाइप करतेय. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात बोलतो, पण देवनागरी मी यंदाच शिकले, तेव्हा चुका पोटात घाला.

तर. तीन महिने मी इथे रिसेप्शनवर ट्रायलवर आहे. आज दहाला मालकीण अम्मा येणार होत्या, मला कायम ठेवायचं की नाही ते ठरवायला. आणि बघणार काय, तर बाल्कनीतल्या कुंड्या! कारण ती आयडिया माझी.

आमच्या बाल्कन्या म्हणजे एसीचं खोकं, एक प्लास्टिकची खुर्ची आणि समोर पार्किंग. गेस्ट तिथे फक्त टॉवेल वाळत घालायचे. मीच मॅनेजर सरांना म्हटलं, एकेक कुंडी ठेवूया, बघा लोक कॉफी घेऊन बाहेर बसतात की नाही. सर म्हणाले, "कुठलं झाड?" मी एक सेकंद पण विचार न करता म्हटलं, तुळस. घरी दारात तीच, दुसरं काय सुचणार? बारा खोल्या, बारा मातीच्या कुंड्या. आणि लोक खरंच बाहेर बसायला लागले! एक आजोबा तर रोज सकाळी तुळशीसमोर खुर्ची ओढून पेपर वाचायचे.

आज बाराही खोल्या रिकाम्या. साडेसातला त्या बघायला वर गेले. पहिली तुळस मान टाकून. दुसरी पण. तिसरीची पानं हात लावताच गळाली. कुंडीचं भोक बुजलं का? ऊन जास्त झालं का? मातीत बोट घातलं तर चाळलेल्या वाळूसारखी कोरडी. कुणी चार दिवस थेंब घातला नव्हता.

खोल्या आवरणाऱ्या अक्का कॉरिडॉरमध्ये चादरी मोजत होत्या. मी जवळजवळ ओरडलेच. "अक्का, पाणी का नाही घातलं? तुमचंच काम ना ते?"

त्यांनी आधी मागे बघितलं, कुणी पुरुष नाही ना. मग हळूच तमिळमध्ये म्हणाल्या, "कण्णू (म्हणजे बाळा), माझी पाळी आहे. तुळशीला कशी हात लावू?"

मी पण आवाज खाली आणला. खोल्या आवरायला इथे दोघी अक्का आहेत.

"मग दुसऱ्या अक्कांना सांगायचं!"

"ती ओरत्तनाडूला गेलीय, नातीचे कान टोचायला. आणि तुझ्या सरांना जाऊन मी काय सांगू? तू सांगितलं असतंस?"

नसतं सांगितलं. मेले असते तरी नसतं सांगितलं.

"आता ओरडतेस कशाला?" अक्कांनी बाथरूममधली बादली माझ्याकडे सरकवली. "ही घे. तू घाल."

आणि इथे ऐका. माझा आज दुसरा दिवस होता.

मी कॉलेजमध्ये यावर मोठमोठ्याने वाद घातलेत हो! हे सगळं जुनं, मी मानत नाही वगैरे. पण घरी आई म्हणते, तिकडे जाऊ नको, तर मी मुकाट वळसा घालून जाते. तर हातात पाण्याचा मग, समोर वाळकी तुळस, आणि माझा हात पुढेच जाईना. घड्याळात आठ वाजत आलेले. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना कळलं.

"अय्यो," त्या म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून हसल्या. "दोघी कामाच्या नाहीत!"

मला रडू यायला लागलं होतं. मग मी डोळे मिटून ओतलं. अर्धं कुंडीत, अर्धं माझ्या चपलेवर. डोळे उघडले तर तुळस तशीच, मीही तशीच. बाराही कुंड्यांना घातलं. अक्का दारातून सांगत होत्या, "हळू, माती वाहतेय."

पण दोन तासांत काय उभी राहणार ती पानं? दहाला अम्मा आल्या. तिसऱ्याच बाल्कनीत थांबल्या. "हे काय?"

सर घाईघाईने म्हणाले, "ऊन फार आहे, अम्मा." सुटले असते मी! पण अक्का मागे उभ्या होत्या. आज ऊन म्हटलं तर पुढच्या महिन्यात ठपका त्यांच्यावरच येणार. मी सांगून टाकलं, एका दमात, अक्कांचं नाही, फक्त माझं. की पाळीत तुळशीला पाणी घालायला बायकांचा हात जात नाही, आणि इथे पाणी घालणाऱ्या सगळ्या बायकाच आहेत. सर एकदम एसीच्या खोक्याकडे बघायला लागले.

अम्मांनी विचारलं, "तुळस कुणी निवडली?"

"मी."

"तुला हे माहीत नव्हतं?"

"घरी माहीत होतं, अम्मा. इथे आठवलंच नाही."

त्यांनी एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाल्या, "एक तुळस खाली दारात ठेव, तिला वॉचमन पाणी घालेल. बाकीच्या ज्यांना हव्यात त्यांना घरी दे. वर दुसरं काहीतरी लाव. आणि अजून एक महिना ट्रायल."

म्हणजे काढलं नाही! पण कायम पण नाही. मघाशी अक्कांना विचारलं, कुठलं झाड लावू? त्या म्हणाल्या, "मरिकोळुंदू," म्हणजे आपला दवणा, वास छान, आणि कुणीही कधीही पाणी घालावं. आधीच विचारलं असतं तर?

तुमचं झालंय का असं कधी? घरात रोज पाळता ती गोष्ट कामावर साफ विसरलात, आणि मग सगळ्यांसमोर तोंडाने सांगावी लागली? सांगा ना, प्लीज.